दुसरं टोक

१

चादर एकट्याने पिळता येत नाही. रुमाल येतो, शर्ट येतो, दात-ओठ खाऊन एखादा पडदाही येतो. पण रंगाच्या टोपातून काढलेली दुहेरी चादर म्हणजे हट्टाला पेटलेलं माणूस. तिला दोन्ही टोकांना कुणीतरी लागतं, आणि दोघांनी उलट्या दिशेने पीळ द्यावा लागतो.

घरच्या घरी कपडे रंगवून द्यायचं काम मी तेवीस वर्षं करते आहे. विटलेले पडदे, डाग पडून वाया गेलेल्या चादरी, नवा घ्यायचा जिवावर येतो म्हणून जुन्यालाच काळा करून घेतलेला कोट. सगळा कारभार न्हाणीघरात. तिथेच शेगडी, तिथेच मोठा टोप, कोपऱ्यात मिठाचा डबा आणि रंगाच्या पुड्या. मी आणि टोप, एवढ्यानेच ती खोली भरते. म्हणून पिळायच्या वेळी मी आत आणि माझी मुलगी ठकू बाहेरच्या बोळकांडीत, अशी आमची वाटणी होती. बोळकांडी दारापाशीच वळते. त्यामुळे मला ठकू दिसायची नाही. चौकटीच्या कडेला चादर वळायची आणि तिथे तिच्या दोन मुठी दिसायच्या, बस्स. बडबड मात्र अखंड ऐकू यायची.

आमचा एक नियम होता. मी ‘सोड’ म्हटल्याशिवाय तिने टोक सोडायचं नाही. पीळ बसलेली चादर एका बाजूने सुटली की दुसऱ्याच्या तोंडावर येते, आणि भिंती रंगतात त्या वेगळ्याच. दहा वर्षांची असताना तिने एकदा शिंक आली म्हणून सोडली होती. मी आठवडाभर निळं कपाळ घेऊन फिरत होते. त्यानंतर घर कोसळलं असतं तरी ठकूने माझ्या शब्दाशिवाय टोक सोडलं नसतं.

ठकू जाऊन चार महिने झाले होते. नऊ दिवसांचा ताप आला आणि चोविसाव्या वर्षी ती गेली.

कोपऱ्यावर शिलाईचं दुकान चालवणाऱ्या शिंपीणबाई माझं बरंचसं काम आणतात. चार महिने त्या काही बोलल्या नाहीत. मग एका सकाळी दोन पांढऱ्या चादरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “गडद निळ्या करून दे. घाई नाही. पण कर.”

मी केल्या. पिळताना एक टोक नळाला अडकवलं आणि दुसऱ्या टोकाशी एकटीच झटले. चादरी वाळल्यावर घडी घालायला घेतल्या, तर एकीच्या कोपऱ्यात रंग चढला नव्हता. चार फिकट चट्टे होते, एकाखाली एक. उलटून पाहिलं, तर मागच्या बाजूला पाचवा.

२

रंगाचं एक साधं गणित आहे. कापडाला तेल-तूप लागलेलं असेल, साबण नीट निघालेला नसेल, तर तिथे रंग धरत नाही. नाहीतर कापड तिथे घट्ट आवळलेलं असेल. गाठी मारून नक्षी काढतात ती याच तत्त्वावर. मी शिंपीणबाईंकडे गेले आणि म्हटलं, “कुणीतरी तेलकट हातांनी चादर धरलेली दिसते. आधी धुऊन आणत जा, किती वेळा सांगायचं?”

“माझ्या मुलीने दोनदा धुतल्यात,” त्या म्हणाल्या. “आता तू मला धुणं शिकव.”

मी चादर परत आणली, स्वतः सोड्याच्या पाण्यात उकळली, खळबळून धुतली आणि पुन्हा टोपात टाकली. जुने चट्टे भरून निघाले. पण समोरच्या कोपऱ्यात नवे आले. आता दोन्ही हातांचे.

हे दिवाणखान्याच्या खिडकीशी बसून घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावलेलं असलं की जग बुडालं तरी यांना पत्ता नसतो. मी चादर त्यांच्या टेबलावर अंथरली. यांनी भिंग काढलं नाही. तसंच वाकून एक-एक चट्टा पाहिला आणि उजव्या हाताच्या शेवटच्या चट्ट्याशी थांबले. तो बाकीच्यांच्या निम्माच होता.

ठकूची उजवी करंगळी अर्धी होती. सहा वर्षांची असताना दारात सापडली होती.

“रंग कधी कधी असा फुटतो,” हे म्हणाले.

“तेवीस वर्षांत माझा रंग कधी फुटलेला नाही.”

“तुला हवं तेच तुला दिसतंय गं.”

“आणि तुम्हाला काय दिसतंय?”

यांनी चादरीची घडी घातली. चांगली चौकोनी, कोपऱ्याला कोपरा लावून. मग माझ्या हातात दिली आणि पुन्हा घड्याळाकडे वळले. तेवीस वर्षांत यांनी माझ्या एकाही चादरीची घडी घातली नव्हती.

३

मी तशी कशावर चटकन विश्वास ठेवणारी बाई नाही. बाजारात बोटाने खरवडून पाहिल्याशिवाय मी रंगाची पुडीसुद्धा घेत नाही. म्हणून मी ठरवलं की डोळ्यांदेखत करून बघायचं. घरातलं एक कोरं कापड घेतलं, धुतलं, दुपारच्या लख्ख उजेडात टोपात सोडलं, आणि काठी हातात घेऊन समोर बसून राहिले.

पाणी निळं असल्यामुळे आतलं काही दिसत नाही. कापड वर येतं, फुगतं, आपण काठीने दाबतो, ते पुन्हा फुगतं. दहा मिनिटं तेच चाललं होतं. मग कापड वर यायचं थांबलं. मी काठीने उचलायला गेले, तर एक बाजू उचलली गेली आणि दुसरी राहिली. टोपाच्या तळाशी अडकली असेल म्हणून मी जरा ओढलं. ते ताणलं गेलं. मी सैल सोडलं, तेही सैल झालं. पुन्हा ओढलं.

माझ्या ओढण्याला तिकडून उत्तर येत होतं. जेवढ्यास तेवढं, न हिसकता. मला ते ओढणं ओळखीचं होतं. चौदा वर्षं रोज माझ्या हातांना ते लागलं होतं.

मला भीती वाटली नाही, असं मी म्हणणार नाही. पण भीतीच्याही आधी जे मनात आलं ते वेगळंच होतं. पिळताना कापड धरलं तर चट्टे पडत नाहीत, कारण तोवर रंग बसलेला असतो. चट्टा पडायला रंग चढत असतानाच धरावं लागतं. म्हणजे टोपात. आणि टोपातलं पाणी खळाखळा उकळत होतं.

मी धडपडत उठले आणि शेगडी बंद केली. मग टोपाशी बसून मोठ्याने रडले. हे दारात येऊन उभे राहिले.

४

त्यानंतर मी कोमट पाण्यात रंगवायला लागले. रंगाच्या धंद्यातला कुणी हे ऐकेल तर मला वेड्यात काढेल. कोमट पाण्यात रंग चढतच नाही, वरवर बसतो आणि दोन धुण्यांत उतरतो. मला हे ठाऊक होतं. तरी मी मनगटावर पाणी टाकून बघायचे, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला बघतात तसं, आणि मगच कपडे सोडायचे.

शिंपीणबाई दोन-तीनदा काही बोलल्या नाहीत, मग बोलल्याच. “हे काय निळं आहे? हे तर धुतलेल्या दौतीचं पाणी. आणि हे चट्टे. लोक मला विचारतात, कुणी चिवडलंय.”

“पुढच्या वेळी नीट करते.”

“मागच्या वेळीही तू हेच म्हणालीस. अगं, तुझं दुःख मला कळतं. पण गिऱ्हाइकांना चादर हवी असते.”

मी मान डोलावली आणि नवीन गठ्ठा उचलून घरी आले. खरं सांगायचं तर मी तेव्हा आनंदात होते. चार महिन्यांत पहिल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटत होतं. पाच फिकट चट्टे बघायला मिळावेत म्हणून मी दुसऱ्यांच्या चादरी खराब करत होते, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. वाळलेल्या चट्ट्यांवर मी माझी बोटं ठेवून बघायचे. बरोबर बसायची नाहीत. तिची बोटं माझ्यापेक्षा लांब होती.

मग एका दुपारी पिळायच्या वेळी मी चादरीचं टोक नळाला अडकवलंच नाही. दारातून बाहेर बोळकांडीत टाकलं. चौकटीच्या पलीकडे ते फरशीवर पडल्याचा आवाज आला, ओला, थपकन. मी माझं टोक धरून उभी राहिले. थोडा वेळ काहीच झालं नाही. नळ ठिबकत होता. दिवाणखान्यात यांची घड्याळं चालली होती.

मग चादर फरशीवरून उचलली गेली.

मी पीळ दिला. तिकडूनही पीळ आला. निळं पाणी उंबऱ्यावर धो-धो गळलं. मी चौकटीच्या कडेकडे पाहिलं नाही. डोळे मिटूनच घेतले होते. बडबड ऐकू येईल म्हणून कान लावले, पण ती बाजू अगदी गप्प होती. फक्त श्वास होता, नाकातून घेतलेला, जोर लावताना माणूस घेतं तसा.

चादरीतून पाणी गळायचं थांबलं तरी मी ‘सोड’ म्हटलं नाही. म्हणवलंच नाही. तशीच उभी राहिले. किती वेळ, देव जाणे. शेवटी माझ्याच हातांना मुंग्या आल्या आणि टोक माझ्या हातून निसटलं.

५

असं तीन आठवडे चाललं. या तीन आठवड्यांत चट्टे बदलत गेले, आणि मी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

आधी बोटांचे चट्टे स्वच्छ होते. मग ते लांबट झाले, खाली ओघळलेले. हात घसरला की पुन्हा पकडताना होतात तसे. मग एका पडद्यावर बोटं नव्हतीच. रुंद आडवा पट्टा होता, कापडाला वेढा दिल्यासारखा. ठकूची ती सवय होती. मुठी दमल्या की ती कापड मनगटाला गुंडाळायची आणि अंगाच्या भाराने धरायची. “आई, हात भरून आले, लवकर कर,” असं म्हणायची. मी म्हणायचे, “एवढ्यात? सासरी काय करशील?” आणि मुद्दाम आणखी एक पीळ द्यायचे.

नंतरच्या चादरीवर एकाच हाताचा पट्टा होता.

त्याच्या नंतरच्या उशीच्या अभ्र्यावर हाताचा चट्टा नव्हताच. काठाशी छोट्या-छोट्या फिकट ठिपक्यांच्या दोन कमानी होत्या, एकीसमोर एक. मला आधी कळलंच नाही. मी तो अभ्रा यांच्याकडे नेला. यांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग काढून टेबलावर ठेवलं.

“दात आहेत,” हे म्हणाले.

मग यांनी खण उघडून ठकूचं मनगटी घड्याळ बाहेर काढलं. ते चालू होतं.

“मी रोज सकाळी याला किल्ली देतो,” हे म्हणाले. “तेव्हा मी तुला शहाणपण शिकवायला जात नाही. पण एक विचारू? तू तिला काय सांगितलं होतंस?”

“कधी?”

“तिथे. शेवटी.”

ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. इस्पितळातला आठवा दिवस होता. तिचा हात माझ्या हातात होता, तापाने नुसता भाजत होता. ती म्हणाली, “आई, हात भरून आलाय.” मी न्हाणीघरातल्या आवाजात म्हटलं, “मी सांगितल्याशिवाय सोडायचं नाही. नियम म्हणजे नियम.” ती हसली आणि तिने खरोखर पकड घट्ट केली. रात्रभर धरून होती. सकाळी नर्स म्हणाली, खाली जाऊन कागदावर सही करून या. ठकूचा डोळा लागला होता. मी तिची बोटं एकेक करून उलगडली आणि माझा हात काढून घेतला. तिला जाग येऊ नये म्हणून काही बोलले नाही.

वर आले तेव्हा सगळं संपलं होतं. तिचा हात पांघरुणावर होता. मूठ आवळलेली होती.

हे सगळं मी यांना सांगितलं. यांनी घड्याळ माझ्या मुठीत ठेवलं आणि माझी मूठ स्वतःच्या हातांत धरली.

“ती अजून दमतेय गं,” हे म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी चादर पिळताना मी पहिल्यांदा डोळे उघडले. चौकटीच्या कडेला चादर वळत होती आणि तिथे हात नव्हते. बऱ्याच खाली, गुडघ्याच्या उंचीवर, चौकटीआडून कपाळाचा आणि केसांचा थोडा भाग दिसत होता. केस ओले होते. कपाळ निळं होतं. ती फरशीवर बसली होती, मान मागे खेचून, चादर दातांत धरून, आणि तिचं डोकं थरथरत होतं.

माझं टोक हातातून गळून पडलं. पुन्हा पाहिलं तेव्हा फरशीवर फक्त पाणी होतं.

६

ठकूची एकच वस्तू मी धुतली नव्हती. पिवळा सुती शर्ट. इस्पितळात जाताना तिने तो काढून खुर्चीवर टाकला होता. कॉलरला तिचा वास होता. मी तो पिशवीत बांधून कपाटात ठेवला होता आणि फार झालं की पिशवीत तोंड घालायचे. वास दिवसेंदिवस कमी होत होता. मी इतका हुंगला होता की आता तिचा किती आणि माझा किती, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो शर्ट काढला. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. लोकांच्या चादरी लोकांकडे परत जातात. हा शर्ट माझ्याकडे राहील. एकदाच, शेवटचं, तिने हा धरावा. हातांनी, दातांनी, जसं जमेल तसं. वास जाईल, पण तिची खूण कायमची राहील. मग तिला मोकळं करीन. एकदाच, असं मी स्वतःला बजावलं.

पाणी कोमट केलं. मीठ घातलं. न धुताच शर्ट टोपात सोडला आणि काठीने ढवळू लागले. पिवळा बुडाला, हिरवट झाला, दिसेनासा झाला. थोड्या वेळाने एक बाही काठीने उचलली जाईना. ती ताणली गेली होती. ठकू आली होती.

खूण पक्की बसायला पाऊण तास लागतो. आणि कोमट पाण्यात तर त्याहून जास्त. मी घड्याळ समोर ठेवलं, तिचंच. काठीतून हलकीशी थरथर जाणवत होती. पाच मिनिटं झाली. सात झाली. थरथर वाढली. काठीवरचा ताण एकदम सुटला आणि लगेच पुन्हा आला, घाईघाईने, चूक झाल्यासारखा. तिच्या हातून सुटलं होतं आणि मला कळायच्या आत तिने परत धरलं होतं. मी रागवेन म्हणून.

मी काठी बाजूला ठेवली. दोन्ही हात कोपरापर्यंत टोपात घातले आणि बाही सापडेपर्यंत चाचपलं. तिच्या टोकाशी गेले नाही. माझंच टोक धरलं. आणखी अडतीस मिनिटं गप्प राहिले असते तर माझ्याकडे काहीतरी उरलं असतं.

“ठकू,” मी म्हटलं, “झालं गं. छान पिळलीस. आता सोड.”

काही झालं नाही. बाही तशीच ताणलेली. माझा आवाज फुटत होता म्हणून तिला खरं वाटलं नसेल. मी घसा साफ केला आणि रोजच्या आवाजात, जरासं खेकसूनच म्हटलं, “सोड म्हटलं ना.”

बाही सैल झाली. एकदम नाही. एकेक बोट उलगडावं तशी, हळूहळू. मग शर्ट फुगून वर आला आणि पाण्यावर तरंगत राहिला.

मी शेगडी मोठी केली. पाणी उकळू दिलं.

७

शर्ट गडद निळा झाला. सगळीकडून एकसारखा, कॉलरपासून काठापर्यंत. मी तो खिडकीशी नेला, उलटा केला, बाह्या आतून पाहिल्या. हे भिंग घेऊन आले. दोघांनी मिळून इंच-इंच पाहिला. कुठे काही नव्हतं. शिवण तेवढी पिवळी राहिली होती, कारण तिचा धागा सुती नव्हता आणि त्याला हा रंग चढत नाही. नाकाशी धरला तर मिठाचा आणि रंगाचा वास आला.

तो यांनी त्यांच्या खणात ठेवला. घड्याळाच्या शेजारी.

पुढच्या आठवड्यात शिंपीणबाईंच्या चार चादरी केल्या. पाणी खळाखळा उकळलं, पुरा वेळ दिला, एक टोक नळाला अडकवून पिळल्या. एकदा टोक बोळकांडीतही टाकून पाहिलं. ते पडलं तिथेच पडून राहिलं. पाणी फरशीभर पसरलं आणि मला ते पुसावं लागलं.

शिंपीणबाईंनी दुकानात चादरी उलगडल्या आणि उजेडात धरून पाहिल्या. हात फिरवून पाहिला. त्यांचा चेहरा खुलला.

“याला म्हणतात रंग,” त्या म्हणाल्या. “बघ, एवढ्या मोठ्या चादरीत कुठे एक चट्टा नाही.”

“दाखवा,” मी म्हटलं.

त्यांनी चादर माझ्या हातात दिली. मी पहिला कोपरा पाहिला, मग दुसरा. तिसरा पाहिला. चौथा त्यांच्याच हातात होता. मी तो मागितला.